वासूचं सोवळं इंजिन

पेट्रोलाला आंघोळ घालणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. मी बघतो. गोव्यात, पार्सेत माझ्या शेजारीच राहतो, नाव वासू. लोक सकाळी देवाला पाणी घालतात, हा पेट्रोलाला घालतो.

फेणी ठेवायचा काचेचा मोठा गराफाव असतो, त्यात तो पंपावरून आणलेलं पेट्रोल ओततो. वर तांब्याभर पाणी. मग बूच घट्ट लावून, रडकं पोर मांडीवर घेऊन हलवावं तसा हलवतो. नंतर गराफाव फणसाच्या सावलीत ठेवून समोर उकिडवा बसतो. हळूहळू तळाला पाणी उतरतं, आणि ओतलं होतं त्यापेक्षा जास्तच उतरतं. कारण हल्ली पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असतं, ते पाण्याला धरून खाली येतं. वासू तिकडे बोट दाखवून ओरडतो, "बघ, बघ! दारू खालती बसली!" वरचं पेट्रोल नळीनं कॅनमध्ये घेतो. खालचं एकदा माझ्या माडाच्या आळ्यात ओतलं मेल्यानं. तो माड अजून माझ्याशी बोलत नाही.

हे सोपस्कार होडीच्या इंजिनासाठी. शापोरा नदीत तो मासे मारतो, रेतीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढतो. स्कूटर रोज चालते, तिला हे पेट्रोल पचत असेल. होडी कधी कधी चार-चार दिवस खुंट्याला बांधलेली असते, वर नदीची दमट हवा. टाकीतलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि नदीच्या मधोमध इंजिन खोकायला लागतं. असं वासू म्हणतो. त्याचं सगळं खरं धरायचं नाही. रबराची नळी फुगली, इथेनॉल. प्लग काळा पडला, इथेनॉल. मागे गुडघा धरला, तेव्हाही त्यानं पंपवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

स्वतः मात्र काजूच्या दिवसांत संध्याकाळी उर्राक घेतो. मी एकदा विचारलं, "तू पितोस, मग इंजिनानं काय घोडं मारलं?"

"मिया पितंय तां माझां पोट. इंजिन माझां सोंवळां आसा."

पंपावर त्याला बघून माणसं तोंड फिरवतात. एकदा मी बरोबर होतो. यानं विचारलं, "ह्यात दारू किती?"

"काका, सगळीकडे हेच येतं आता."

"मगे कॅन कित्याक भरतंस? गिलास दी. सोबतीक चणे दी."

मागे स्कूटरवाले भोंगे वाजवत होते. वासूनं त्यांनाही एकेक गिलास घ्यायला सांगितलं.

त्याचा एक शब्द सगळ्यांना पाठ आहे. "बसांदी." म्हणजे खाली बसू दे, थांब जरा. पेट्रोलाला बसांदी, भांडणाला बसांदी, तापाला बसांदी. माझी बायको सुमती गेली तेव्हा बाराव्याच्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बसांदी रे सखाराम."

मी त्याला घराबाहेर काढला. म्हटलं, दुःख म्हणजे तुझं पेट्रोल नव्हे, गाढवा. हे बसत नाही. आणि मला बसवायचंही नाही. लोक येऊन सांगतात, विसरा आता, भजनाला जा, पोथी वाचा. मी चौथी शिकलेला माणूस, पोथी वाचता वाचता झोप येते. तिला विसरायला सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. वासू दुसऱ्या दिवशी परत आला. हातात कडक उंडे होते, पोदेराच्या भट्टीतले गोल पाव. त्यालाच चहा दिला.

त्याचा मुलगा महेश वास्कोला बंदरात कामाला आहे. पोरगा वाईट नाही. मागे एकदा इंजिन बंद पडून वासू नदीकाठच्या खाजणाच्या चिखलात अडकला, दुसऱ्या होडीनं ओढून आणला. महेश धावत आला. म्हणाला, "बाबा, परत एकदा मध्येच बंद पडलं तर होडी विकायची. वास्कोला यायचं. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे." वासूनं रागात कबूल करून टाकलं. बोलून बसला आणि तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून आंघोळीचं सोवळं फारच कडक झालं. पेट्रोल दुपारपर्यंत बसल्याशिवाय टाकीत जाणार नाही म्हणजे नाही.

परवा सुमतीचं वर्षश्राद्ध झालं. आमच्या घरात दुसऱ्या दिवशी मासळी परत चुलीवर चढते, आणि गेलेल्या माणसाला आवडायचं ते वाढून पान ठेवतात. तिला तिसऱ्या आवडायच्या. मी पिशवी घेऊन बाजाराला निघालो, तर वासू आडवा आला.

"बाजारातल्यो शिळ्यो तिसऱ्यो वहिनीक? ती उठान मारीत तुका. चल, बेटार जावया."

नदीत रेतीचं बेट आहे. ओहोटीलाच उघडं पडतं, तेव्हाच तिसऱ्या मिळतात. पाणी उतरायला कधीच लागलं होतं. गराफाव नुकताच हलवलेला, आतलं पेट्रोल अजून गढूळ.

मी म्हटलं, "बसांदी की."

"ओहोटी माझ्यासाठी बसतली?" असं म्हणून त्यानं ते तसंच टाकीत ओतलं.

नदीच्या मधोमध इंजिन खोकलं. परत खोकलं. गप्प झालं. वासूनं दोरी ओढ ओढ ओढली, दम लागला. मग इंजिन उघडून बघितलं. आत पाण्याचे थेंब, मण्यांसारखे. इथेनॉल नव्हे. सरकार नव्हे, पंपवालाही नव्हे. यानं स्वतःच्या हातानं घातलेलं पाणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला शिवी घालायला कोणी मिळेना.

ओहोटीची ओढ आणि एक वल्हं, एवढ्यावर बेटाला लागलो. दोघेही रेती उकरत बसलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. महेश. वासू उचलेना.

"उचल," मी म्हटलं.

"काय सांगू तेका?"

"खरं सांग. नाहीतर इंजिनाला सर्दी झाली म्हण."

तो हसला नाही. रेतीत बघत म्हणाला, "माका लिफ्टीचो भंय नाय रे. मिया थंय गेलंय तर तुझ्याकडे कोण येतलो? सांजचो तू चूलसुद्धा पेटवचंस नाय. वहिनी गेल्यावर चार दिवस तुझ्या घरातसून धूर दिसूंक नाय. मिया बघलंय."

मला वाटायचं, हा विधुर म्हातारा, करमत नाही म्हणून माझ्याकडे येऊन बसतो. मी त्याला सांभाळून घेतो, असं मी लोकांना सांगत होतो.

फोन मी ओढून घेतला. "महेश, सखाराम बोलतोय. इंजिन बंद पडलं. तुझ्या बापानं पेट्रोल बसू दिलं नाही. माझ्या बायकोचं पान उशिरा होईल म्हणून. आता तुला होडी विकायची असेल तर वीक. पण विकायच्या आधी माझ्याशी भांडायला ये. बापाला नेणार असशील तर तेही माझ्याशी भांडून ने."

मग पोरगा हळूच म्हणाला, "काका, तुम्ही दोघं परत कसे येणार?"

"भरती आहे. ती काही पंपावरून आणावी लागत नाही."

फोन ठेवला तेव्हा वासू तिसऱ्यांतल्या मोठ्या मोठ्या निवडून वेगळ्या ठेवत होता. कशाला म्हणून विचारलं, तर वर न बघता म्हणाला, "ह्यो वहिनीच्या पानार. धाकट्यो तुका-माका."

पाणी पायाला लागलं, घोट्यावर आलं. रेतीत रुतलेली होडी हलली आणि सुटली. आम्ही आत बसलो. मी वल्हं मागितलं. तो देईना, म्हणाला, तुला जमणार नाही. मी हिसकावून घेतलं.