चाळीस सेकंदांचा वस्ताद

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वस्तादांच्या गिटारमधलं माझ्याएवढं कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या ग्रुपच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंय. ते पान मीच लिहिलंय, हे खरं. पण नऊ वर्षांत एकानेही त्याला हरकत घेतलेली नाही.

ग्रुपचं नाव 'वस्तादांचे वेडे'. सभासद दोन हजार तीनशे. वस्ताद म्हणजे रॉक गिटारमधला बाप माणूस! त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी त्यांच्यामुळे आपलं आयुष्य कसं बदललं हे आमच्याकडे रोज कुणीतरी लिहीत असतं. एक दंतवैद्य बाई आहेत, त्या वस्तादांची रेकॉर्ड लावल्याशिवाय कुणाची दाढ काढत नाहीत. एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकले की वस्ताद गुणगुणतात. 'कर्णपिशाच' नावाचा एक सभासद तर वस्तादांनी कुठल्या गाण्यात कितव्या सेकंदाला पाय आपटला याची वही ठेवतो. अशा सगळ्या वेड्यांचा मी प्रमुख! दिवसा माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथे लोकांचे डोळे तपासतो आणि घरी आलो की ग्रुपवर लोकांचे कान.

वस्तादांच्या पहिल्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होत होती. मी फर्मान काढलं: प्रत्येकाने 'वस्तादांनी मला काय दिलं' यावर लिहायचं. आणि स्वतःबद्दल जाहीर केलं की, मी लिहिणार नाही, वाजवून दाखवणार! तोच तो, वस्तादांचा चाळीस सेकंदांचा सोलो, ज्याला भलेभले हात लावत नाहीत!

"अहो, सगळ्यांदेखत?" बायकोने विचारलं.

"जगादेखत!" मी म्हणालो. "चौदा वर्षं घासतोय त्यावर. गंमत आहे का?"

शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी खोलीत बसलो. फोनवर एक ॲप टाकलं. आवाज आला की ते आपोआप रेकॉर्डिंग सुरू करतं आणि शांत झालं की थांबतं. कलाकाराचा वेळ बटणं दाबण्यात जायला नको! अकरा वेळा वाजवलं. अकराव्या वेळी तार एकदाच निसटली आणि ते जमलं, जमलं म्हणजे काय, माझ्याच अंगावर काटा आला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारचे काका चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन उभे होते. दांडी बसवून, काकांची गाऱ्हाणी ऐकून अर्ध्या तासाने परत आलो, यादीतली शेवटची फाईल उचलली आणि ग्रुपवर टाकली. ऐकली नाही. आपलंच कौतुक आपण काय ऐकायचं!

आणि मग ग्रुप पेटला!

रविवारी उठलो तर चारशे प्रतिक्रिया. दंतवैद्य बाईंनी लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी आलं. एक रुग्ण तोंड उघडं ठेवून तसाच बसून राहिला.' लिफ्टवाले म्हणत होते, 'इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत? काय माणूस आहात!' मी नम्रपणे लिहिलं, 'छे हो, थोडीफार साधना.' सोमवारी दुकानात एक गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं आणि मी फोनवरच्या प्रतिक्रिया. त्याने तक्ता संपवून, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचून काढलं, तरी माझं लक्ष नव्हतं.

मंगळवारी कर्णपिशाचाने आपलं संशोधन मांडलं. सोलोच्या मागे म्हणे एक बारीक खुळखुळ ऐकू येते. बरोबर ठेक्यावर! 'प्रमुखांनी वस्तादांच्याही पुढचं काहीतरी शोधलंय,' असा त्याचा निष्कर्ष होता. संध्याकाळपर्यंत वाद पेटला. एक म्हणे गिटारचा स्क्रू मुद्दाम सैल केलाय, दुसरा म्हणे आत चणे टाकलेत. चौदा जणांनी आपापल्या गिटारचे स्क्रू सैल केले. एकाची गिटार मांडीवरच सुटी झाली.

मला खुळखुळ आठवेना. पण मी लिहून टाकलं, 'काही गोष्टी सांगायच्या नसतात.'

बुधवारी मात्र कहरच झाला. आमच्या ग्रुपात वस्तादांच्या पहिल्या तिन्ही रेकॉर्डचे ध्वनिमुद्रक आहेत. म्हातारा माणूस. नऊ वर्षांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते आहेत, एवढाच आमचा मान! त्यांनी लिहिलं: 'हे वाजवणारा हात मला बघायचाय. रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांसमोर थेट वाजवा.'

आनंदाने मी पहिल्यांदाच ती फाईल उघडून ऐकली.

पहिले दोन सूर ऐकले आणि मी फाईलचं नाव पुन्हा तपासलं. ते मी नव्हतो! प्रत्येक सूर टाचणीसारखा नेमका. तार खेचावी तर अशी! चौदा वर्षं मी ज्या जागी पडत आलो, तिथे हा वाजवणारा शीळ घालत निघून गेल्यासारखा. आणि मागे खरोखरच ती खुळखुळ. ही खुळखुळ मी ओळखत होतो, रोज जेवताना ऐकत होतो!

मी बाहेर आलो. सासूबाई मटार सोलत होत्या. मनगटावर त्यांचं जुनं, सैल पट्ट्याचं घड्याळ प्रत्येक शेंगेबरोबर खुळखुळत होतं. सासूबाई म्हणजे टायपिंगच्या निवृत्त शिक्षिका. सहा वर्षं आमच्याकडे आहेत आणि या सहा वर्षांत मी त्यांच्याशी मुख्यतः त्यांच्या चष्म्याच्या नंबराबद्दल बोललो होतो.

"आई," मी म्हणालो, "शनिवारी दुपारी तुम्ही माझ्या खोलीत..."

"गिटार पुसली हो जावईबापू. किती बोटांचे ठसे होते! पुसून झाल्यावर जरा वाजवून बघितली. काही बिघडलं का?"

"तुम्हाला वाजवता येतं?"

"आमच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर बँडची तालीम चालायची. खाली माझ्या मुली मिनिटाला चाळीस शब्द मारतायत आणि वरून हा धिंगाणा! दोन वर्षं सहन केलं. मग एक दिवस वर गेले नि म्हटलं, चुकीचं वाजवताय, आणा इकडे. मग अकरा वर्षं त्यांच्यात वाजवलं."

मी बायकोकडे बघितलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं ना, लग्न ठरलं तेव्हा. तुम्ही तेव्हा मला वस्तादांची दुसरी रेकॉर्ड समजावून सांगत होतात. मध्ये बोलू नकोस म्हणालात."

आता प्रश्न माझ्या अब्रूचा होता! नऊ वर्षांचं प्रमुखपद, 'थोडीफार साधना', 'काही गोष्टी सांगायच्या नसतात', सगळं रविवारी अकरा वाजता मातीत जाणार होतं. खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलंही. पण तेवढ्यात प्रतिक्रिया सातशेवर गेल्या. मग मी योजना आखली.

माझ्याकडे दोन गिटारी आहेत. चांगली सासूबाईंकडे द्यायची आणि त्यांना शेजारच्या खोलीत बसवायचं. दाराच्या फटीतून वायर इकडच्या ॲम्प्लिफायरला जोडायची. जुनी गिटार घेऊन मी कॅमेऱ्यासमोर. तिची वायर सोफ्याखाली, कशालाच न जोडलेली.

"आई, तुम्ही आतून मला साथ द्यायची."

"साथ? मग तुम्ही काय वाजवणार?"

"मी... भाव देणार."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. बायकोने कपाळाला हात लावला.

रविवारी अकरा वाजता एक हजार नऊशे माणसं बघत होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ध्वनिमुद्रक आजोबा, नाकावर चष्मा, हाताची घडी. मी मान तुकवली. डोळे मिटले. दारामागे पायाने ठेका पडला आणि सोलो सुरू झाला!

काय सांगू तुम्हाला! मी अशी बोटं फिरवली, अशी मान उडवली, की पहिल्या वीस सेकंदांत मलाच वाटायला लागलं, मीच वाजवतोय! पंचविसाव्या सेकंदाला डोळा किलकिला करून बघितलं, तर आजोबा पुढे झुकले होते. मी आणखी जोरात मान उडवली.

एवढ्यात दार किलकिलं झालं. सासूबाईंना राहवलं नसावं, भाव कसा देतात ते बघायचं असावं. एका फटीतून चष्मा दिसला. चष्मा माझ्या उजव्या हातावर खिळला. छत्तीस वर्षं मुलींच्या मनगटांकडे बघत काढलेली बाई ती! तिच्याने ते बघवलं नाही.

"जावईबापू, मनगट वर!"

आणि त्या खोलीत आल्या. न थांबता वाजवत! एक सूर इकडचा तिकडे नाही! घड्याळ खुळखुळतंय, पदर खोचलेला, वायर मागून सरपटत येतेय. "वर! अजून वर! असं मेलेल्या कोंबडीसारखं काय धरलंय?" म्हणत त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, सोलो संपवला आणि तारांवर तळवा ठेवला. मी बिचारा अजून दोन सेकंद वाजवतच होतो, बिनआवाजाचं.

मग कर्णपिशाचाने लिहिलं: 'खुळखुळ घड्याळाची आहे!!!'

दंतवैद्य बाईंनी लिहिलं, 'म्हणजे प्रमुख...?'

पळायला जागा नव्हती, पण खरं सांगतो, पळावंसंही वाटलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने आत्ता जे वाजवलं होतं, ते ऐकायला मी आयुष्यभर रेकॉर्डी गोळा करत हिंडलो होतो आणि ते सहा वर्षं माझ्याच घरात मटार सोलत बसलं होतं! अभिमानाने छाती अशी भरून आली की स्वतःची लाज ठेवायला जागाच उरली नाही. मी उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "शनिवारचंही यांनीच वाजवलं होतं. मी वाजवलेलं नाही. मी खोटं बोललो. या माझ्या सासूबाई!"

मग जे काही सुरू झालं! टाळ्या, हार्टं, लिफ्टवाल्यांच्या शिट्ट्या. ध्वनिमुद्रक आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाई, वस्तादांचा तुमच्यावर केवढा प्रभाव असेल!"

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "बोटं चांगली आहेत त्यांची, पण शेवटी घाई करतात."

कर्णपिशाच भोवळ येऊन पडला असणार.

आजोबा मात्र खो खो हसत सुटले. "पन्नास वर्षं मी हेच म्हणतोय! त्यांच्या तोंडावर बोलायची हिंमत मात्र कधी झाली नाही!"

मी तर नुसता फुलून गेलो होतो. आमच्या घरात वस्तादांची चूक काढणारी बाई! मी कॅमेरा नीट त्यांच्या चेहऱ्यावर आणला, पाठीमागे उशी दिली, पाणी दिलं. सगळे त्यांना प्रश्न विचारत होते आणि मी प्रत्येक उत्तराला अशी मान डोलवत होतो, जणू सगळं मीच शिकवलंय!

शेवटचा प्रश्न दंतवैद्य बाईंचा होता. "आजी, एक विचारू? घरात तुमच्यासारखी गुरू, आणि प्रमुख रोज दोन-दोन तास गिटार घेऊन बसतात. सहा वर्षांत तुम्ही त्यांना कधीच काही का शिकवलं नाहीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी मनापासून आश्चर्य वाटलेल्या माणसासारखं बघितलं.

"अगंबाई, ते वाजवत होते होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तारा सुरात लावतायत. म्हटलं, लागल्या की वाजवतील!"