बापूंच्या ओट्यावरचा एक्सल

छगनबापूंच्या ओट्यावर बाक नव्हता, खाट नव्हती. एक एक्सल होता, दोन चाकं जोडणारा लोखंडी आस. लष्करातल्या कुठल्याशा मोठ्या गाडीचा, लिलावात घेतलेला, दोन दगडांवर आडवा टाकलेला. त्याच्या मधल्या लोखंडी गोळ्याला पाठ टेकून पाहुण्यानं बसायचं. आणि पाणी यायच्या आधी बापू विचारायचे, "तुम्हीच सांगा. हाऊ गाडीले टाकू का ऱ्हाऊ देऊ?"

गाडी म्हणजे त्यांची जीप. लढाई संपल्यावर सरकारनं विकून टाकलेल्यांपैकी. तापीकाठच्या आमच्या गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. जीप तशी गुणाची, पण मागचा एक्सल हलका. केळीचे घड लादून नाल्याच्या वाळूत जोर दिला की आतला दांडा कडाड मोडायचा. बापूंपुढे दोन वाटा होत्या. आहे त्याच एक्सलात जाड दांडे घालून तो पक्का करायचा, नाहीतर तो काढून ओट्यावरचा जड एक्सल बसवायचा. शहाद्याचा मिस्तरी काहीही करायला तयार होता. बापू मात्र या दोन वाटांच्या तोंडाशी कित्येक वर्षं उभे होते.

त्यांनी विचारलं नाही असा माणूस तालुक्यात उरला नव्हता. तलाठ्याला विचारलं, कीर्तनकाराला विचारलं, देवी टोचायला आलेल्या माणसाला त्याची पेटी उघडायच्या आत विचारलं. तलाठी म्हणाले, "बसवून टाका." लगेच बापूंनी बाजू बदलली. "पन हाऊ रुंद शे. चाकं भाईर येतीन. गाडी बदकसारखी चाली." कीर्तनकार म्हणाले, "मग राहू द्या." तर बापू म्हणाले, "मंग तुम्ही बठशात कशावर?"

सगळ्यात मोठी शंका चाकांच्या फेऱ्यांची होती. मोठ्या गाडीच्या एक्सलाचे दात वेगळे. "मांगलं चाक एक फेरा मारी, तवलगून पुढलं सव्वा मारी. घरमा दोन जणस्ना पाय असा पडनात, तं संसार चाली का?" असं म्हणून ते मान हलवत आणि शेवटी तेच वाक्य येई, "इचार करना पडी."

या तीन शब्दांनी माझ्या तारुण्याचा फार मोठा भाग खाल्ला.

मी तेव्हा विशीत होतो आणि मला जग बदलायची घाई होती. सातपुड्यात लाकूडतोडीच्या मजुरांना मिळणाऱ्या मजुरीवर मी पत्रकं लिहीत होतो. ती तोरणमाळपर्यंत पोचवायची, तिथे सभा घ्यायची, तर पायांखेरीज एकच साधन होतं, बापूंची जीप. बापू कधी नाही म्हणाले नाहीत. "लई जाय ना, भाऊ. बुधवारले निंघू." पण बुधवारच्या आधी ते स्वतः म्हसावदकडे काही कामाला जात आणि जीप तिकडेच मोडे. चार-चार दिवस बापूंचा पत्ता नसे. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या एक्सलावर बसून राही.

"बापू," मी एकदा संतापून म्हणालो, "देश नद्यांवर धरणं बांधतो आहे आणि तुम्हाला एक एक्सल बसवता येत नाही! निर्णय न घेणं हीसुद्धा प्रतिगामी भूमिका आहे!"

"तू छापेल कागदसारखा बोलस," बापू कौतुकानं म्हणाले. "चहा पी."

दुसरी चीड मला त्यांच्या सोवळेपणाची होती. बापूंची एकुलती एक मुलगी सुमन म्हसावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी दिलेली. काकू वारल्यापासून बापूंना तिच्याशिवाय कोणी नव्हतं. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही सुमनताईला मूल नव्हतं, आणि नातवाचं तोंड दिसेपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. बापू तिच्या अंगणात उभ्या उभ्या केळी उतरवत, जीपला टांगलेल्या छागळीतलं स्वतःचं पाणी पीत आणि परतत. त्यात विहीणबाई कडक. अक्षय्य तृतीयेच्या दोन आखाज्या झाल्या, सगळ्या गावच्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणून गेल्या. सुमनताईला पाठवलं नाही.

मी यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि बापूंना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"खरं शे," ते म्हणाले. "पन याहीनबाई वाचाले शिकनी नही."

"मग तुम्ही मोडा ना ही रीत! जा आणि पाणी प्या!"

बापू म्हणाले, "मी पानी पीसू आनि घर ई जासू. टोमना सुमनले बसतीन, भाऊ. माले नहीत."

हे माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं. त्यामुळे मी आणखी चिडलो.

शेवटी एका बुधवारी मी सूर्य उगवायच्या आत बापूंच्या दारात गेलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. म्हटलं, आज मोडली तर माझ्या डोळ्यांदेखत मोडेल. बापूंनी माझ्याकडे पाहिलं, पत्रकांकडे पाहिलं आणि निमूटपणे गाडी सुरू केली.

म्हसावद मागे पडलं. मोठा नाला आला. बापूंनी पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि जीप वाळूतून अशी अलगद काढली, की मी त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं. समोर सुमनताईचं गाव दिसत होतं. रस्ता सारवल्यासारखा सपाट. तिथे बापूंनी जीप थांबवली, पुढचा गिअर काढला, गावातल्या पहिल्या घराकडे नीट पाहून घेतलं, इंजिन भणाणून सोडलं आणि क्लचवरचा पाय एकदम उचलला.

कडाड!

"मोडना!" बापू ओरडले. माझ्याकडे पाहून नव्हे, त्या घराकडे पाहून.

मी थक्क झालो. "बापू, मागचा दांडा गेला तरी पुढच्या चाकांवर गाडी हळूहळू घरी येते. तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. टाका तो गिअर, फिरवा गाडी!"

"इतलं सगळं याद ठेवानं काम नही, भाऊ," बापू हळूच म्हणाले आणि त्यांनी सीटखालून पिशवी काढली. पिशवीत धुतलेलं धोतर होतं, जास्तीची टोपी होती आणि कागदात गुंडाळलेलं एक लुगडं होतं.

त्या घराच्या ओट्यावर विहीणबाई उभ्या होत्या. "परत मोडना का?"

"मोडना, याहीनबाई. मी आज बाप म्हनीसन नही उनू. वाटमा अडकेल माणूस शे."

विहीणबाईंनी मोठा उसासा सोडला. "अडकेल माणूस दारमा उपाशी ऱ्हायना तं घरले पाप लागस. पाय धवा. बठा."

असं ते शास्त्र होतं. बापाला पाणी चालत नव्हतं. वाटसरूला ताटच्या ताट चालत होतं.

आम्ही जेवायला बसलो. कळण्याची भाकरी, वर तेल, ठेचा. सुमनताई वाढत होती. बापू मान वर करत नव्हते. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"म्हैस व्यायनी, बापू," ती म्हणाली.

"हां. चांगलं व्हयनं."

तिनं भाकरी वाढली. बापूंना तिचा हात दिसला. "हाई काय?"

"चुलावर भाजनं. आते बरं शे."

बापूंनी हातातला घास ताटात ठेवला. मग तोच उचलून पुष्कळ वेळ चावत राहिले.

जेवण झाल्यावर मी अंगणात येऊन गठ्ठ्याची दोरी आवळू लागलो. सभेला उशीर झाला होता, चढण पायीच चढायची होती. तेवढ्यात विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू शिकेल पोऱ्या दिखस. ह्या माणूसना तोंडमातून गाडीनं धड काहीच निंघत नही. तू खरं खरं सांग. कितला दिवस लागतीन?"

बापू पलीकडे हात धूत होते. सुमनताई लोट्यानं पाणी घालत होती. हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी ती घालत होती आणि ते धूत होते. दोघांनीही वर पाहिलं नाही. रस्त्यावर जीपची पुढची चाकं धडधाकट उभी होती.

"आठ दिवस तरी लागतील, काकी," मी सभेतल्या आवाजात म्हणालो. "सामान धुळ्याहून येतं."