साळूबाईच्या दहा टोपल्या

एका जंगलात एक पाणवठा होता, आणि त्या पाणवठ्यात एक रानडुक्कर बसलेलं असे.

जंगलाचं नाव सांगत नाही, मुलांनो. सांगितलं तर तुमच्यातलं कुणीतरी घरी जाऊन विचारेल, आणि संध्याकाळी तुमच्या काकांचा मला फोन येईल. तुझे काका पंच आहेत ना रे? मग राहू दे.

तर डुकराचं नाव मुसंडेशेठ. सकाळी ते पाण्यात उतरत, लोळत, आणि ऊन कलल्यावर बाहेर येत. तोवर पाण्याचा चिखल होई. मग बाकीच्यांनी तो प्यायचा.

पाणवठ्याला एक पंच होता. तो दर पाच वर्षांनी फाल्गुनात निवडला जाई. मुसंडेशेठ स्वतः कधी उभे राहिले नाहीत. ते कशाला उभे राहतील? त्यांचं सगळं सुख बसण्यात होतं. ते फक्त खर्च करत. जो उभा राहील त्याच्या नावाने कंदांच्या पंगती उठवत, आणि निवडून आलेला पंच त्यांना पाण्यातून ऊठ म्हणत नसे.

वाघही होता त्या जंगलात. पण तो या भानगडीत पडत नसे. त्याचं वरच्या पातळीवर होतं.

पाणवठ्याजवळच्या दरडीत साळूबाई नावाची सायाळ राहायची. अंगभर काटे, पण स्वभावाने गरीब. तिला दोन पिल्लं होती. एका उन्हाळ्यात चिखल पिऊन दोघांचीही पोटं बिघडली. धाकटं तर चार दिवस डोळे उघडेना. साळूबाई त्याच्या उशाशी बसून रडली, आणि ते बरं झाल्यावर तडक पंचाकडे गेली.

पंच होते हुप्पेराव वानर. ते आंब्याच्या फांदीवर शेपूट सोडून बसले होते.

"हुप्पेराव, त्या शेठना पाण्यातून उठवा हो. लेकरं मरतील माझी."

"साळूबाई, तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं," हुप्पेराव म्हणाले. "पण मी त्यांचे कंद खाऊन निवडून आलोय. ज्याचं खाल्लं त्याला ऊठ कसं म्हणू? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

वानराच्या तोंडी माणुसकी ऐकून साळूबाई माघारी फिरली. घरी येताना तिच्या मनात आलं, आपणच उभं राहिलं तर? पण उभं राहायचं तर पंगती हव्यात, ढोल हवेत. तिच्याकडे तिचे काटे सोडून काही नव्हतं.

आणि नेमकं त्याच वर्षी जंगलात सुधारणा आली.

ती बगळेसाहेबांनी आणली. बगळेसाहेब निवडणूक अधिकारी. पांढरेशुभ्र. एका पायावर उभं राहून इतका वेळ विचार करत, की ते विचार करतायत की मासा बघतायत हे कुणाला सांगता येत नसे. त्यांनी सभा बोलावली.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "शेठ खर्च करतात म्हणून पंच शेठचा होतो. जंगलाने खर्च केला तर पंच जंगलाचा होईल. यंदा उमेदवारांचा खर्च सार्वजनिक कोठारातून!"

ऐनाच्या पोकळ खोडात जंगलाचं कोठार होतं. माघात प्रत्येक घराने सुकी बोरं आणून टाकायची, आणि वैशाखात, पानसुद्धा मिळेनासं झालं की वाटून खायची. त्यातून प्रत्येक उमेदवाराला दहा टोपल्या बोरं मिळणार होती. सगळ्यांना सारखी. आणि कुणाकडूनही एक कंद घेतला तरी उमेदवारी रद्द.

टाळ्यांनी जंगल दणाणलं. साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी सारखं म्हटलं होतं.

तिने त्याच दिवशी अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी सशाने भरला. मग भेकराने, खारीने, मोराने, मोराच्या मेहुण्याने. कारण उभं राहिलं की दहा टोपल्या मिळत होत्या, आणि पडलं तर कुणी परत मागत नव्हतं. जंगलात घरं बेचाळीस. अर्ज आले एकोणचाळीस. राहिले तिघे. बगळेसाहेब अधिकारी म्हणून, मुसंडेशेठ बसले होते म्हणून, आणि अस्वलदादा त्या दिवशी झोपून राहिला म्हणून.

बगळेसाहेबांना गहिवरून आलं. "लोकशाही किती खोल रुजली बघा!" ते म्हणाले.

आता साहेब काटेकोर. खर्चाला पावती हवी, हा त्यांचाच नियम. पोपट घोषणा द्यायला तयार होते, सुतारपक्षी ढोल बडवायला तयार होता, पण पावती कोण देणार? पावती म्हणजे ओल्या चिखलावर उठवलेला ठसा. आणि ऐन फाल्गुनात ओला चिखल होता एकाच्याच अंगाखाली.

मुसंडेशेठनी मन मोठं केलं. "पोपट मी पुरवतो, ढोल मी पुरवतो, पंगतही वाढतो. पक्क्या पावतीसकट. उमेदवाराने फक्त टोपल्या इकडे आणून ठेवायच्या."

एकोणचाळिसांपैकी अडतीस उमेदवारांनी टोपल्या तिकडे नेऊन ठेवल्या. शेठ खुराने ठसे उठवून दमले. आधी ते पदरचे कंद घालून एक पंच विकत घेत. आता सगळं जंगल आपली बोरं त्यांच्या दारात ओतत होतं, आणि वर 'उपकार झाले शेठ' म्हणत होतं.

साळूबाई मात्र आपल्या दहा टोपल्यांकडे बघत बसली होती. प्रचार म्हणजे काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं. स्वच्छ पाणी देईन, एवढंच तिला सांगायचं होतं. ते सांगायला ढोल कशाला, असं तिला वाटलं. जंगलातल्या सायाळीच करू शकतील अशी चूक तिने केली. तिला वाटलं, सांगण्यापेक्षा देऊनच टाकावं.

सायाळीचा जन्म खणण्यात जातो. वरच्या अंगाला कोरडा ओढा होता. त्याच्या वाळूत खोल खणलं तर पाणी झिरपतं, हे तिला आजीपासून माहीत होतं. पण वाळूखाली गोटे होते. एकटीच्याने ते हलत नव्हते. तिने अस्वलदादाला उठवलं.

"दादा, खणायला येतोस? दिवसाला एक टोपली बोरं."

"दोन," अस्वलदादा डोळे न उघडता म्हणाला.

"येशील ना पण?"

"तीन म्हणालो असतो तर?"

"तरी दिली असती."

अस्वलदादाला ते कुठेतरी लागलं. तो एका टोपलीवर आला.

दहा दिवस दोघांनी खणलं. पिल्लं मागच्या पायांनी वाळू उडवत, निम्मी परत खड्ड्यात. दहाव्या दिवशी सकाळी तळाशी ओल आली, मग पाणी साचलं. निवळशंख. झिऱ्याचं तोंड जेमतेम घागरीएवढं, म्हणजे मुसंडेशेठना आत बसायची सोय नव्हती. धाकट्या पिल्लाने तोंड बुडवलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. साळूबाईला इतका आनंद झाला की तिचे काटे आपोआप खुळखुळले.

बातमी पसरली. ससा आला, प्यायला, आणि म्हणाला, "बाई, मी माझा अर्ज मागे घेतो. मत तुम्हाला." भेकरही तेच म्हणालं. मोराच्या मेहुण्यानेसुद्धा मोराला न सांगता शब्द दिला.

हुप्पेराव हादरले. त्यांनी तक्रार केली, आणि बगळेसाहेब झिऱ्यावर चौकशीला आले.

"हे पाणी तुम्ही दिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मतदारांना?"

"तहानलेल्यांना."

"ते तहानलेले मतदार होते की नव्हते?"

"अहो, जंगलात दुसरं आहे कोण?"

साहेबांनी पाय बदलला. "दहा टोपल्यांच्या पावत्या?"

"हा काय समोर झिरा. दिसतोय की."

"झिऱ्यावर ठसा कुठाय?" साहेबांनी मान हलवली. "बाई, फार मोठा गुन्हा केलात. पाणी देईन म्हणाला असतात तर ते आश्वासन झालं असतं. आश्वासनं हवी तेवढी द्या, बंदी नाही. तुम्ही पाणी देऊन बसलात. हे आमिष!"

"पण बाकीचे पंगती घालतायत, त्या?"

"पंगतींच्या पावत्या आहेत."

साळूबाईचे सगळे काटे ताठ उभे राहिले. साहेबांनी घाईघाईने दुसरा पाय टेकला. पण पिल्लं जवळ होती, आणि बगळ्याला टोचून झिरा वाचला नसता. तिने काटे खाली घेतले. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, आपण खरंच काही वाईट केलं की काय याची. त्या लाजेबद्दल मला आजही त्या बगळ्याचा राग येतो, मुलांनो.

साळूबाईची उमेदवारी रद्द झाली. झिरा पुरावा म्हणून जप्त झाला आणि त्यावर करवंदीच्या काट्यांचं कुंपण पडलं. कुंपणाचं काम शेठनी घेतलं. पावतीसकट. जे पाणी प्यायले होते त्यांना ते तीन दिवसांत परत करण्याच्या नोटिसा गेल्या. ससा बिचारा दोन दिवस प्रयत्न करत होता.

मतदानाचा दिवस आला. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एक दगड, त्यापुढे मतदाराने बाभळीची एक शेंग ठेवायची. साळूबाई रिंगणात नाही म्हटल्यावर ससा, भेकर, मोराचा मेहुणा, सगळे पुन्हा उभे होतेच. अडतीस उमेदवारांनी आपापली शेंग आपापल्या दगडापुढे ठेवली. अस्वलदादाने साळूबाईचा दगड शोधला. तो काढून टाकला होता, म्हणून त्याने तो होता त्या जागेवर शेंग ठेवली. ती बाद झाली. साळूबाईने आपली शेंग घरी आणली आणि पिल्लांना खाऊ घातली.

मग मुसंडेशेठ पाण्यातून उठले, सावकाश चालत आले, आणि हुप्पेरावांच्या दगडापुढे एक शेंग ठेवून परत जाऊन बसले.

हुप्पेराव दोन मतांनी निवडून आले. म्हणजे मिळाली ती दोनच मतं. मागच्या खेपेला त्यांना वीस मतं होती.

पहिल्या बैठकीत त्यांनी ठराव केला : निवडणूक पारदर्शक पार पडण्यास मोलाची मदत केल्याबद्दल पाणवठ्यात बसण्याचा मान शेठना कायमचा देण्यात येत आहे.

वैशाख आला. कोठारात कोळिष्टकं होती. जंगल शेठच्या दारात उभं राहिलं. शेठ प्रत्येकाला मूठमूठ बोरं देत होते, त्याच्याच घरातून माघात गेलेली, आणि पुढच्या निवडणुकीत आठवण ठेवा म्हणत होते.

साळूबाई शेठच्या दारात गेली नाही. ती बगळेसाहेबांकडे गेली.

"साहेब, निकाल लागला. आता माझा झिरा उघडा."

"पुरावा पाच वर्षं जपावा लागतो."

"मग दुसरा खणू?"

साहेबांनी नियम आठवून पाहिले. "तुम्ही उमेदवार आहात?"

"नाही."

"पुढे होणार आहात?"

"नाही बाई."

"मग खणा की. तुम्हाला कोण अडवतंय?"

ती कुंपणापासून वीस पावलांवर गेली आणि खणायला लागली. थोड्या वेळाने बाजूला धपकन आवाज झाला. अस्वलदादा येऊन बसला होता.

"बोरं नाहीत रे आता," ती म्हणाली.

"मी मागितली?" असं म्हणून त्याने पहिला गोटा उचलला.

सातव्या दिवशी पाणी लागलं. पिल्लं पोटभर प्यायली. मग ससा आला, भेकर आलं, मोर आणि मेहुणा वेगवेगळे आले. एके दुपारी हुप्पेरावही आले, इकडेतिकडे बघून पोटभर प्यायले आणि बगळेसाहेबांसाठी पानाच्या द्रोणात घेऊन गेले.

सशाने मिशा पुसल्या. तो अगदी मनापासून म्हणाला, "बाई, खरं सांगू? तुमच्यासारख्यांनी निवडणुकीला उभं राहायला हवं."

साळूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "रांगेत ये. माझ्या पिल्लांचं दुसऱ्यांदा पिऊन व्हायचंय."

तात्पर्य : मुलांनो, सत्कार्य जरूर करावं, पण निकाल लागेपर्यंत थांबावं. त्यानंतर निवडून आलेल्याला ते करावं लागत नाही, आणि न आलेल्याला ते करताना कुणी अडवत नाही.