गाडीचा खोकला

एसी लावला की गाडी गार व्हायच्या आधी मोठ्ठ्यानं खाकरायची. "खर्रर्र... फट्!" बाबांचं निदान, गॅस संपला. आईचं निदान, आत उंदीर शिरलाय. ताईचं निदान, दोघांनाही काही कळत नाही. आणि मेकॅनिकसमोर नेली की गाडी अशी चिडीचूप, जणू वर्गात मुख्याध्यापकच आलेत! शेवटी वैतागून बाबांनी ती विकायला काढली.

गिऱ्हाईक मिळालं तेही छातीच्या डॉक्टरीणबाई. बाबांनी फोनवरच शब्द दिला, "आवडली तर गाडी तुमची."

"आवाज आला की सगळ्यांनी खोकायचं," त्या यायच्या आधी बाबांनी बजावलं. "त्यांनी ऐकला, तर हे धूड जन्मभर आपल्याच गळ्यात!"

डॉक्टरीणबाई गाडी चालवायला बसल्या, शेजारी बाबा, मागे आई आणि ताई. एसी लागला. खर्रर्र! आई-ताई खोकल्या. फट्! बाबा तर असे खोकले की चष्मा उडून मांडीवर पडला.

"कधीपासून आहे हा खोकला?"

"आजच!" बाबा म्हणाले.

"लहानपणापासून!" आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गाडी कडेला घेतली आणि पर्समधून स्टेथोस्कोप काढला. "श्वास घ्या. सोडा." तिघांच्या छात्या ठणठणीत! मग त्यांनी तोच स्टेथोस्कोप डॅशबोर्डला लावला. "खर्रर्र... फट्!"

"हं. पेशंट ही आहे तर."

एसी बंद करून त्यांनी समोरचा कप्पा उतरवला, पंख्यात हात घातला आणि मूठभर वाळकी पानं बाहेर काढली. पुन्हा एसी लावला. काय ती झुळूक! गार, गुणी, हूं नाही की चूं नाही!

बाबा विरघळलेच. "अहो, एवढंच होतं होय! मग विकायची कशाला..."

"मला आवडली. शब्द दिलाय तुम्ही."

बाबांनी आरशातून मागे केविलवाणं पाहिलं. ताईला बरोब्बर कळलं.

"खर्रर्र..." तिनं घशातून सुरुवात केली.

"फट्!" आईनं इमानदारीत जोड दिली.

"बघा, आहेच अजून!" बाबा आनंदानं ओरडले. "असली खटारा गाडी कशी देऊ तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मागच्या सीटवर दोन पार्ट सैल झालेत. तेवढे इथंच उतरवून घ्या. बाकीची गाडी मी नेते."