हेडबाईंचे दात आणि तिसरा मजला

घर दाखवायच्या वेळी घरमालकांनी घरात थांबायचं नाही, हा एजंटचा पहिला नियम. साथीचे दिवस होते, त्यामुळे नियमांना तोटा नव्हता. एका वेळी एकच माणूस आत येणार. कुणी कशाला हात लावायचा नाही, म्हणून दारं-कपाटं आधीच सताड उघडी ठेवायची. आणि घरात बोलायचं फक्त एजंटनं, बाकीच्यांनी नुसत्या माना हलवायच्या. सगळं फोनवरच ठरलेलं. एजंटनं मालकांना पाहिलंही नव्हतं. किल्ली चपलांच्या कपाटात ठेवली होती.

हेडबाई आणि त्यांचे मिस्टर खाली बाकावर येऊन बसले, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. हे अंतर साथीमुळे नव्हतं. शाळेतून रिटायर होऊनही बिल्डिंगभर हेडबाईच राहिलेल्या या बाईंना मिस्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं, की आपले गुडघे गेले, लिफ्ट नाही, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर जाऊ. घर दोघांच्या नावावर होतं. सही करणार नाही, असं ठणकावून हेडबाईंनी जो अबोला धरला तो अजून चालू होता. हौसेनं सजवलेलं घर या माणसाच्या गुडघ्यांपायी सोडायचं, याचा त्यांना मनापासून राग आला होता.

बसल्या बसल्या त्यांनी तोंडात जीभ फिरवली, तर ती नुसत्या हिरड्यांवरून फिरली. कपाटं उघडायच्या गडबडीत दात वरच राहिले होते. मास्कमुळे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बेसिनवर काचेच्या ग्लासात कवळी, आणि आता ती येणारा-जाणारा बघणार. नवऱ्याला पाठवावं तर अबोला. त्या मुकाट्यानं उठल्या आणि जिना चढू लागल्या.

दर मजल्यावर कठड्याला धरून थांबत त्या वर पोचल्या, तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. दारात एजंट उभा होता. पहिलं गिऱ्हाईक एक बाई असणार, एवढंच त्याला माहीत होतं. "या मॅडम, तुमचीच वाट बघतोय," म्हणत त्यानं ताप मोजायचं यंत्र त्यांच्या कपाळावर रोखलं, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि चपलांवर निळ्या पिशव्या चढवायला लावल्या. हेडबाईंनी हातवारे करून पाहिले.

"बोलायचं नाही मॅडम. प्रश्न नंतर फोनवर."

बोलल्या असत्या तरी दातांशिवाय नुसती हवाच निघाली असती. दुसऱ्याच्या सांगण्यावरून गप्प बसायची हेडबाईंची आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मग मात्र त्यांना मजा वाटू लागली. एजंटच्या मते त्यांचं स्वयंपाकघर ऐसपैस होतं. प्रत्यक्षात तिथे नवरा-बायको समोरासमोर आले की एकाला माघार घ्यावी लागे, आणि ते काम मिस्टरांकडे असे. भिंतींचा रंग जुनाट आहे, पण तो काय, बदलता येईल, असंही तो म्हणाला. हेडबाईंनी डोळे वटारले. बेसिनपाशी येताच त्यांनी ग्लासाकडे हात नेला.

"अं हं, हात लावायचा नाही," एजंट म्हणाला. मग ग्लासात काय आहे ते दिसल्यावर तो ओशाळून ग्लासासमोर आडवा उभा राहिला आणि त्यानं घाईघाईनं विषय बदलला. "एवढं छान घर का विकतायत, असं वाटलं असेल तुम्हाला. तुम्ही परक्या, तुम्हाला सांगायला हरकत नाही. इथल्या बाईंना जिने चढवत नाहीत. धाप लागते, पण कबूल करायच्या नाहीत. म्हणून साहेबांनी स्वतःचे गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय. अहो, फोनवर स्वतःच म्हणाले, एकटा असलो की दोन-दोन पायऱ्या चढतो."

हेडबाईंचे डोळे भरून आले. एजंटला वाटलं, सॅनिटायझर झोंबलं. तो बॅगेतून टिश्यू काढायला वळला, तेवढ्यात ग्लास रिकामा झाला आणि गिऱ्हाईकही गायब.

त्या खाली येऊन टेकतायत तोच मिस्टरांचा फोन वाजला. एजंटचा आवाज बाकभर ऐकू येत होता. "साहेब, एक बाई घर बघून गेल्या. इतकं आवडलं की रडल्या. पण कसं सांगू तुम्हाला... त्या जाताना मॅडमचे दात घेऊन गेल्या."

मिस्टरांनी फोनकडे पाहिलं. मग बायकोच्या पायांकडे. चपलांवर निळ्या पिशव्या तशाच होत्या.

"काय सांगू त्याला?" त्यांनी हळूच विचारलं. "द्यायचं का घर त्या बाईला?"

हेडबाई सरकून मधल्या जागेत बसल्या. महिन्याभराचा अबोला सुटला, आणि शब्द अगदी स्पष्ट आले.

"सही मी करते. पण त्या बाईला नको. तिला जिने चढवत नाहीत."