तिकीट काढून ऐका

"दहा माणसं भरली तरच पिक्चर सुरू होईल," थिएटरच्या मॅनेजरने खिडकीतून सांगितलं, तेव्हा खिडकीसमोर प्लंबर एकटाच उभा होता.

"मग मी एकटाच दहा तिकिटं घेतो."

"तिकिटं नकोत, डोकी पाहिजेत. मागच्या महिन्यात एकाने असंच केलं आणि मधली दांडी वर करून आख्ख्या रांगेत आडवा झोपला. तेव्हापासून मालक म्हणतात, डोकी मोजा."

"उद्या आलो तर?"

"उद्या या, पण दहा जण घेऊन या. उद्याचा शेवटचा दिवस आहे." मॅनेजरला थोडी दया आली. "अहो, पण एवढं काय आहे त्या पिक्चरमध्ये? मी स्वतः अर्ध्यातून उठलो. फुकट असून."

"माझी बायको आहे त्यात."

मॅनेजरने बाजूच्या पोस्टरकडे पाहिलं. वर 'तिसरा मेंदू' अशी अक्षरं होती आणि खाली हातात इंजेक्शन घेतलेली विशीतली नर्स. मग त्याने प्लंबरच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं.

"ही?"

"ही नाही. ती पोस्टरवर नाही."

ती खरं तर पिक्चरमध्येही नव्हती. ती घरी शिवणकाम करायची. जवळच्या बंद पडलेल्या हॉस्पिटलात शूटिंग होतं, तिथल्या पेशंटांचे हिरवे झगे शिवायचं काम तिला मिळालं होतं. झगे पोचवायला गेली, तर खोटा पेशंट म्हणून आणलेला एक माणूस डोक्याला वायरी लावताना बघून घाबरून पळून गेला होता. दिग्दर्शकाने हिलाच एक झगा घालायला लावून दुसऱ्या खाटेवर झोपवलं. सीन असा होता की तळघरात गुप्त प्रयोग करणारा डॉक्टर पेशंटांच्या डोक्यावर एक यंत्र ठेवतो आणि त्याला त्यांच्या मनातलं ऐकू येतं. दिग्दर्शक सगळ्यांना म्हणाला, "लिहिलेलं बोलू नका, ते खोटं वाटतं. या घडीला खरोखर मनात जे असेल ते हळू पुटपुटा."

त्या दिवशी प्लंबर कामावरून आला तर दाराला कुलूप. किल्ली तिच्याबरोबर गेलेली. तो पायरीवर बसून राहिला. अंधार पडल्यावर ती आली, चेहऱ्याला मेलेल्या माणसासारखी पांढरी पावडर फासून. तो आधी दचकला, मग भडकला.

"निदान किल्ली तरी शेजारी ठेवायची!"

तिला इतकं हसू आलं की तीही पायरीवरच बसली. सगळी हकिगत सांगितली. त्याने विचारलं, "मग तू काय पुटपुटलीस?"

"ते नाही सांगणार. तिकीट काढून ऐका."

दुसऱ्या दिवशी त्याने किल्लीची जोडकिल्ली करून घेतली. पिक्चर मात्र कुठेतरी अडकला. अधूनमधून तो विचारायचा आणि ती तेच सांगायची, तिकीट काढून ऐका. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब आहे, बदलावा लागेल. व्हॉल्व्ह हा शब्द प्लंबरला नवा नव्हता. जन्मभर त्याने लोकांचे व्हॉल्व्ह बदलले होते. म्हणून तर तो घाबरला नाही. तिला आत नेताना त्याने चेष्टेत विचारलंसुद्धा, "आता तरी सांग." ती म्हणाली, "पिक्चर लागू दे की."

व्हॉल्व्ह बदलला. ती परत आली नाही.

पिक्चर आता लागला होता, आणि प्लंबरच्या खिशात दोन किल्ल्या होत्या.

संध्याकाळी त्याने मेहुणीला फोन केला. "भाऊजी, ताई दिसणार आणि मी येणार नाही, असं होईल का?" म्हणून तिने जी रडायला सुरुवात केली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पिक्चर कुठलाही असो, खुर्ची मऊ असली म्हणजे झालं." बाकीची डोकी आणायची जबाबदारी साडूने घेतली. साडू कचेरीतून निवृत्त झाला होता आणि कुठल्याही रहस्यपटातला गुन्हेगार आपण इंटरव्हलच्या आत ओळखतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने रोज सकाळी चालायला जाणारा आपला अख्खा ग्रुप आणला. त्यांना त्याने सांगितलं होतं, "डॉक्टरी पिक्चर आहे, बरीच माहिती मिळते." त्यांच्यातला एक जण रक्ताच्या रिपोर्टांची फाइल घेऊनच आला होता.

प्लंबरने तिने शिवलेला शर्ट घातला. शर्टाला तेलाचे डाग नकोत म्हणून पान्यांची पिशवी घरी ठेवली. पिशवीशिवाय तो घराबाहेर पडल्याचं मावशींना आठवत नव्हतं.

मॅनेजरने दारात एकेकाच्या डोक्यावर बोट नाचवत मोजलं. आठवड्यात पहिल्यांदाच गर्दी झाली म्हणून आनंदाने त्याने एसी पूर्ण सोडला. तिथेच घात झाला.

पिक्चर सुरू झाला. अंधाऱ्या जिन्यावरून डॉक्टर तळघरात उतरला. त्याच्या हातात वायरी जोडलेली चाळणी होती.

"वॉर्डबॉय," साडू म्हणाला.

"काय वॉर्डबॉय?" मेहुणीने विचारलं.

"खुनी."

"अहो, अजून खून कुठे झालाय!"

"होईल ना. तेव्हा लक्षात ठेव."

"ही चाळणी आमच्याकडे होती," मावशी म्हणाल्या. "दांडा तुटला तिचा."

तेवढ्यात चालण्याच्या ग्रुपमधला पहिला माणूस उठला. सगळ्यांनाच साखरेचा आजार, त्यात ती थंडी. तो परत येतो तोवर दुसरा उठला. मग तिसरा. मुतारीचं दार पडद्याच्या शेजारी होतं, त्यामुळे जो तो पडद्यासमोरून कमरेत वाकून जायचा. वाकला तरी पडद्यावर सावली पडायची ती पडायचीच. प्लंबर कधी डावीकडे झुकायचा, कधी उजवीकडे. तिची खाट नेमकी कधी येणार ते त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे त्याने पापणीसुद्धा जपून लववली.

इंटरव्हल झाला. खाट आली नाही. साडूचा खुनी वॉर्डबॉयवरून नर्सवर आणि नर्सवरून इन्स्पेक्टरवर गेला होता. फाइलवाले गृहस्थ मधल्या वेळात दोनदा जाऊन आले होते आणि पिक्चर पुन्हा सुरू झाल्यावर तिसऱ्यांदा गेले. या वेळी परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजून.

"तिथे जरा पाणी येतंय," ते हळूच म्हणाले.

"कुठून?"

"मी फक्त साखळी ओढली हो. ती हातातच आली. आणि मागून नळपण."

त्यांच्या मागोमाग मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला. "माफ करा मंडळी, शो बंद करावा लागेल. पाणी विजेच्या पेटीकडे चाललंय. प्लंबरला बोलवायचं तर तास जाईल."

"आमच्यात प्लंबर आहे!" साडू अभिमानाने उभा राहिला आणि त्याने बोट दाखवलं.

प्लंबरने पडद्याकडे पाहिलं. डॉक्टर चाळणी घेऊन एका लांबलचक खोलीच्या दारात उभा होता. आत हिरव्या झग्यांची रांग दिसत होती.

"दोनच मिनिटं थांबा," तो म्हणाला.

"मी थांबतो हो, पाणी थांबतंय का?"

न गेलं तर पिक्चर बंद. गेलं तर पिक्चर चालू, पण तो बाहेर. देवाने एखाद्याची किती थट्टा करावी याला काही माप असावं, असं त्याच्या मनात आलं. तो उठला.

"भाऊजी, जाऊ नका! आत्ताच येईल ती!" मेहुणी ओरडली.

"तुम्ही बघा. नीट बघा, मला सांगा."

मुतारीत घोट्याएवढं पाणी झालं होतं. नळ मुळासकट तुटून पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती, आणि भिंतीला लागून विजेची पेटी. त्याने मुख्य व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. गंजून दगड झालेला. पान्याने हलला असता, पण पाना घरी पिशवीत होता. त्याने तळहात पाइपच्या तोंडावर दाबून धरला. पाणी बाहीतून काखेपर्यंत गेलं, पण धार थांबली.

"रबर आणा! सायकलची ट्यूब, काहीही! मी हात काढू शकत नाही."

मॅनेजर धावला. प्लंबर भिंतीला चिकटून उभा राहिला. पलीकडे थेट पडदा होता आणि आवाजाचे मोठे खोके याच भिंतीला टेकवलेले होते. वर जाळी होती. जाळीतून पडद्याचा नुसता उजेड दिसत होता, कधी निळा, कधी हिरवा.

यंत्राची घरघर झाली. पहिल्या खाटेवरचं मन बोलायला लागलं, "किती वेळ आडवं ठेवणार आहेत हे लोक? पाठ धरली राव." दिग्दर्शकाने खरंच लोकांच्या मनातलं तसंच्या तसं ठेवलं होतं. पिक्चर का पडला, हे प्लंबरला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पुन्हा घरघर. आणि आत एकच गलका उठला.

"ताई! अगं बाई, ताई गं!" ही मेहुणी.

"कुठंय? कुठंय?" या मावशी.

"दुसरी खाट! दुसऱ्या खाटेवर बघा!" हा साडू.

"अहो, खाली बसा, दिसत नाही!" हे चालणारे सगळे.

प्लंबरचा हात आपोआप पाइपवरून सुटला. तो दाराकडे वळला, तर धार सणसणत जाऊन पेटीला लागली. दिवा फडफडला, जाळीतला उजेड थरथरला. त्याने झेप घेऊन पुन्हा हात दाबला. दाराशी जायला चार पावलं होती, आणि त्याला एकही टाकता येत नव्हतं. त्याने ओला गाल भिंतीला टेकवला.

भिंतीतून तिचा आवाज आला. कानाशी बोलावं तसा.

"अगं बाई, किल्ली माझ्याकडेच राहिली. हे आले असतील. बसले असतील पायरीवर तोंड फुगवून. शेजारी जाऊन घोटभर चहा मागतील तर शपथ. मेले तरी मागायचे नाहीत."

घरघर झाली. तिसऱ्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "नाकावर माशी बसलीये."

मॅनेजर ट्यूबचा तुकडा घेऊन आला, त्याने तो पाइपला गच्च आवळला. प्लंबर तसाच गाल टेकवून उभा.

"सोडा आता हात. थांबलं पाणी."

"थांबा जरा."

"अहो, थांबलंय म्हणतोय ना!"

"तरी थांबा."

जरा वेळाने त्याने विचारलं, "तेवढाच तुकडा परत दाखवता येईल का?"

"ते आपल्या हातात नाही हो. वरून येतं, वरूनच बंद होतं," मॅनेजर म्हणाला. प्लंबरने मान हलवली. हे त्याला हॉस्पिटलातही कोणीतरी सांगितलं होतं.

पिक्चर सुटल्यावर सगळ्यांनी त्याला बाहेर गाठलं.

"भाऊजी, काय सांगू! इतकी शांत झोपली होती! डोळे मिटलेले."

"एक किलकिला होता," मावशी म्हणाल्या. "मला बघून हसली."

"पावडर फार फासली होती," साडू म्हणाला. "पण काम चोख. उगाच हालचाल नाही."

"आणि बोलली काय?" प्लंबरने विचारलं.

मेहुणीने साडूकडे पाहिलं, साडूने मावशींकडे.

"तुम्ही किंचाळत होतात," मेहुणी म्हणाली.

"मी? सुरुवात कोणी केली?"

"मला तर कोणी खाटच दाखवेना," मावशी म्हणाल्या.

मग मेहुणीला समजलं की आपण काय घालवलं. तिने पदर तोंडात कोंबला. "भाऊजी, माझं तोंड शिवून टाका. एवढ्यासाठी तुम्ही आम्हाला आणलंत आणि आम्ही..."

"मला ऐकू आलं," प्लंबर म्हणाला.

"काय म्हणाली ताई?"

त्याने ओली बाही पिळली. "म्हणाली, किल्ली माझ्याकडेच राहिली."

साडूने कपाळावर हात मारला. "तरीच! तळघराची किल्ली! म्हणून तो डॉक्टर शेवटी बाहेर पडू शकला नाही. मी म्हणतच होतो, काहीतरी निसटतंय. अहो, सगळा पिक्चर त्या एका वाक्यावर उभा आहे!"

"हो," प्लंबर म्हणाला.

चालण्याच्या ग्रुपलाही ते पटलं. फाइलवाले म्हणाले, "बाईंचं काम लहान असेल, पण महत्त्वाचं होतं." आणि सगळे आपापल्या वाटेने गेले.

प्लंबर घरी आला. ओला शर्ट अंगाला चिकटला होता. खिशात दोन्ही किल्ल्या वाजल्या. त्याने दाराकडे पाहिलं आणि तो पायरीवर बसला. मागून लंगडत मावशी आल्या.

"काय रे, किल्ली हरवली?"

"नाही. आहे."

"मग बाहेर का बसलास? आणि तोंड का असं?"

तो खिशातल्या किल्ल्या चाचपत राहिला. मावशींनी आपलं दार उघडलं, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं.

"मावशी."

"काय?"

शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. इतक्या वर्षांच्या शेजारात असलं वाक्य तो कधी बोलला नव्हता.

"घोटभर चहा मिळेल का?"

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मिळेल. पण साखर संपली आहे."

"चालेल," तो म्हणाला आणि पायरीवरून उठला.