ग्रीक वीराचा रुसवा आणि पहिला कप

मनुष्याला अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला की चौथी गरज लागते ती मानाची. कोल्हापुरात ती पहिली लागते. तेव्हा राजारामपुरीच्या विश्वसाहित्य श्रवण मंडळाने १९७४ साली ग्रीकांचे प्राचीन युद्धकाव्य वाचायला घेतले, हा निर्णय दूरदृष्टीचाच म्हटला पाहिजे. (त्याआधीच्या फ्रेंच कादंबरीत कुणी कुणाचा पाणउतारा केला नव्हता, त्यामुळे सभासद झोपत.)

पुस्तक इंग्रजी होते आणि निसार मुजावर सरांच्या मालकीचे. सर ते समोर धरून थेट मराठीत सांगत, आणि असे सांगत की वार झाला की पुढची रांग मान मागे घेई. कथा तत्काळ पटली. सेनापतीने भर सभेत आपल्या सर्वोत्तम वीराचा मानाचा वाटा काढून घेतला. वीर म्हणाला, लढा आता तुमचे तुम्ही, आणि तंबूत जाऊन बसला. वीराच्या रुसण्यास पाठिंबा देणारा ठराव पहिल्याच बैठकीत बहुमताने संमत झाला. (विरोधात एक मत. ते गृहस्थ त्या वर्षी गल्लीतल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष होते.)

सर्वांत पुढे कालिंदीबाई बसत. आयुष्यभर शाळेत शिकवून त्यांचे डोळे अधू झालेले. मुजावर सरही त्यांचेच विद्यार्थी. महिनाअखेर मुलगा त्यांना कायमचे इंदूरला नेणार होता. तिथे हे असे कोण सांगणार? त्या रोज विचारत, "तो तंबूतला उठतोय कवा?" मंडळाचे कार्यवाह वसंत हेर्लेकर पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी बाईंना शब्द दिला, की आपण जायच्या आत काव्य समाप्त करण्यात येईल.

मंडळाच्या घटनेच्या कलम पाचनुसार बैठकीअंती चहाचा पहिला कप वाचकाला जाई. एके दिवशी अध्यक्ष जोतीरामदादांचे गडहिंग्लजचे व्याही श्रवणास आले. मुलगी त्यांच्या घरात नांदते म्हटल्यावर दादांनी पहिला कप व्याह्यांना दिला. यात दादांचे काही चुकले नाही. सरांनी पुस्तक मिटून काखेत मारले आणि ते घरी गेले. त्यांचेही काही चुकले नाही. कुणाचीच चूक नसल्यामुळे प्रकरण मिटायचा मार्गच राहिला नाही.

वसंतरावांनी रीतसर त्रिसदस्य शिष्टमंडळ नेमले. ते सरांच्या फाटकापर्यंत गेले, आत आधी कुणी शिरायचे यावर मतभेद झाले आणि ते दोन वेगळ्या रिक्षांनी परत आले. आठवड्याअखेर रुसलेले सभासद तेरा, समजूत काढणारे चार. (पैकी दोघांना तसे रीतसर निमंत्रण नव्हते, म्हणजे तेही रुसण्याच्या वाटेवर होते.) वसंतरावांना रात्री जेवण जाईना. बाईंच्या ट्रंका भरून झाल्या होत्या.

शेवटी बाईच म्हणाल्या, "वसंता, माझा हात धर. मीच जातो."

सर दारातच भेटले. "बाई, आत या की. पण मंडळाचं नाव काढू नका. भर सभेत माझा मान गेलाय."

"ऱ्हाऊ दे तुझं मंडळ. मी परवा चाललो. तो तंबूतला उठतोय का न्हाय, एवढंच सांग."

सर जरा घुटमळले. "उठतोय की."

"समजूत काढल्यावर?"

"न्हाय. समजूत काढायला आलेल्यांना वाटेला लावतोय. मग त्याचा जिवलग दोस्त त्याच्या जागी लढायला जातोय. दोस्त मेला की उठतोय."

बाई म्हणाल्या, "मग मंडळातनं कोण मरायचं ठरलंय, निसार? म्हातारी चालंल काय?"

वसंतरावांना हसू आले आणि लगेच हसल्याची लाज वाटली. सर पुस्तक घेऊन बाईंच्या पायाशी बसले आणि खाली मान घालून सांगू लागले. संध्याकाळी सांगितले, दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून सांगितले. पण रुसव्यात गेलेला आठवडा काही परत मिळाला नाही. बाई इंदूरच्या गाडीत बसल्या तेव्हा वीर नुकता कुठे तंबूबाहेर आला होता.

हे वाचून आपल्याला हसू आले असेल. एका कपावरून कुणी बोलणे टाकते का? छे! आपल्या भावाशी आपण बोलत नाही ते प्रकरण निराळे. तिथे खरोखरच अपमान झाला होता, मांडवातल्या चार लोकांनी पाहिला आहे. फक्त भाऊ अजून हयात आहे ना, तेवढे एकदा विचारून घ्यावे.